जुनी कंबरदुखी: आखडलेले पाय मोकळे कसे करायचे

मी इचलकरंजीत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. कंबर धरून येणारी माणसं माझ्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेची असतात. काही यंत्रमागावर उभ्यानं पाळी काढणारी, तर काही सुताच्या पेढीवर, शिलाई मशिनवर किंवा कॉम्प्युटरपुढे बसून दिवस घालवणारी. दोघांचं मागणं एकच असतं: "मॅडम, कंबर लई भरून आलीया, जरा शेक द्या." शेक मी देते, त्यानं बरंही वाटतं. पण तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणाऱ्या कमरेला शेक, मलम, पट्टा, मालिश हे सगळं आधीच मिळून चुकलेलं असतं. पायांना मात्र कुणी हात लावलेला नसतो.

म्हणून इथं पायांबद्दलच सांगते. मांडीचे, पोटरीचे आणि खुब्याभोवतीचे स्नायू आखडलेत का हे घरी कसं बघायचं, त्यातला नेमका कुठला आखडलाय हे कसं ठरवायचं आणि तेवढाच कसा सोडवायचा. नेमका हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. मोबाईलवर बघून दहा प्रकारचे ताण एकदम सुरू करणाऱ्यांपेक्षा, आपला एक-दोन ठिकाणचा अडसर शोधून तेवढ्यावर रोज काम करणारे पेशंट लवकर सुधारताना मी बघते.

त्याआधी, कुणी हे करू नये

लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटलाय, जांघेत आणि बसायच्या जागेत बधिर वाटतंय, पायातली ताकद जातेय, चालताना पाऊल फरपटतंय किंवा पायातली चप्पल कळत नकळत निसटतेय, यातलं काहीही नव्यानं सुरू झालं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उद्यावर ढकलू नका.

संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री आडवं झालं तरी दुखणं कमी होत नाही, असं असेल तरी आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. पूर्वी कॅन्सर झालेल्यांनी, बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्यांनी आणि उतारवयात पडल्यानंतर कंबर दुखू लागलेल्यांनीही तपासून घेतल्याशिवाय काही ताणू नये.

बाकीच्यांनी मनातली एक भीती आधी खाली ठेवावी. "मणक्यात गॅप आहे" किंवा "गादी सरकलीय" असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि माणूस वाकायलाच घाबरतो. मग जितका कमी हलतो तितका जास्त आखडतो. कधीही कंबर न दुखलेल्या पन्नाशीतल्या लोकांचे एमआरआय तपासले तर त्यातल्या सुमारे ६० टक्के लोकांची मणक्यांमधली एखादी तरी चकती, म्हणजे हीच गादी, फुगलेली दिसते. विशीतल्या धडधाकट मुलांतही हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आहे. रिपोर्ट खोटा नसतो, पण दुखण्याचं सगळं कारण त्यातच असतं असं नाही.

पायांचा कमरेशी संबंध काय

खालून बादली उचलायला वाका. या वाकण्यात दोन ठिकाणं भाग घेतात: कमरेचे मणके आणि खुब्याचे सांधे. खुब्यापासून वाकताना कटीचं हाड मांडीवर पुढं कलतं. या हाडाच्या तळाला, म्हणजे आपण ज्या दोन टोकांवर बसतो तिथं, मांडीमागचे तीन स्नायू सुरू होतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. ते आखडलेले असले की कटीचं हाड खाली धरून ठेवतात, पुढं कलू देत नाहीत. वाकायचं तर आहेच, मग उरलेलं सगळं वाकणं मणक्यांच्या वाट्याला येतं. मागावर तुटलेला धागा जोडायला माणूस पाळीत किती वेळा वाकतो ते बघा, म्हणजे कमरेवर किती जादा भार पडतो ते लक्षात येईल.

पुढच्या बाजूची गोष्ट उलटी आहे. सोआस नावाचा स्नायू कमरेच्या मणक्यांच्या कडेनं निघतो, पोटाच्या आतून खाली येतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या अंगाला चिकटतो. बसलेलं असताना तो आखूड स्थितीत असतो. रोज आठ-दहा तास बसणाऱ्यांचा तो तसाच राहू लागतो. मग उठून उभं राहिलं की तो मणक्यांना पुढं खेचतो, कमरेचा बाक वाढतो, आणि चालताना पाय मागं जाईना म्हणून दर पावलाला कंबरच मागं वाकते. "बसलं की बरं वाटतं, पण देवळात रांगेत उभं राहिलं की कंबर मोडते" असं सांगणाऱ्यांमध्ये मी सर्वांत आधी हा स्नायू बघते.

मागाच्या बीमवर, म्हणजे रुळावर, गुंडाळलेले उभे धागे, म्हणजे ताणा, एका बाजूनं घट्ट आणि दुसऱ्या बाजूनं सैल असला की कापड सरळ येत नाही, हे इचलकरंजीतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कटीच्या हाडाचं तसंच आहे. चेकोस्लोव्हाकियातले डॉक्टर व्लादिमिर यांडा यांनी १९७० च्या दशकातच हे मांडून ठेवलं: कमरेभोवती काही स्नायू आखडतात आणि त्यांच्या समोरचे, म्हणजे पोटाचे आणि नितंबांचे, ढिले पडतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची कंबर शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनं करूनही सुटेना, तेव्हा १९६१ साली डॉ. हान्स क्राउस यांनी त्यांना नेमानं व्यायाम सुरू केले. आखडलेले स्नायू ताणायचे आणि दुबळे बळकट करायचे, एवढंच त्यांचं सूत्र होतं. मी आज शिलाई करणाऱ्या मावशींना जे शिकवते ते यापेक्षा फार वेगळं नाही.

सगळ्याच कंबरदुखीचं मूळ पायात नसतं, हेही सांगते. काही जणांचे, विशेषतः काही तरुण मुलींचे, पाय इतके लवचिक असतात की आणखी ताणून काही मिळत नाही. त्यांना ताकदीची गरज असते. म्हणून आधी तपासणी.

तपासणी

जमिनीवर सतरंजी टाका. गादी नको, गादीत कंबर बुडते.

पहिली मांडीमागची. उताणे झोपा. डावा पाय सरळ जमिनीवर. उजवी मांडी उभी करा, म्हणजे ती जमिनीशी काटकोनात येईल, आणि दोन्ही हातांनी मांडी गुडघ्याजवळ मागून धरा. मांडी न हलवता गुडघा हळूहळू सरळ करा. पाय जवळजवळ छताकडे सरळ झाला, थोडासाच बाक राहिला, तर ठीक. तो अर्ध्यावरच अडला आणि मांडीमागं ताण आला तर हॅमस्ट्रिंग आखडलेत. दोन्ही पाय बघा. डाव्या-उजव्यातला फरकही महत्त्वाचा आहे.

आता इथंच एक गोष्ट नीट तपासायची, आणि ही वगळू नका. जिथं ताण जाणवतोय तिथं थांबा आणि पावलाचे चवडे स्वतःकडे ओढा. मग मान उचलून हनुवटी छातीला लावा. स्नायूचा ताण मान उचलल्यानं फारसा बदलत नाही. पण त्यामुळे पायात चमक वाढली, गुडघ्याच्या खाली पोटरीत किंवा पावलात मुंग्या आल्या, करंट बसल्यासारखं वाटलं, तर ओढ नसेची आहे. नसेला ताणून धरलेलं मानवत नाही. तिच्यासाठी वेगळे, हलते व्यायाम असतात आणि ते समोर बसूनच शिकावे लागतात. अशांनी मांडीमागचे ताण करू नयेत. रोज नेटानं पाय ताणून सायटिकाचा त्रास वाढवून घेतलेले लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ही एवढी तपासणी केली असती तर त्यांचे बरेच दिवस वाचले असते.

दुसरी पुढची बाजू. यासाठी उंच कॉट किंवा मजबूत टेबल हवं. दिवाण बुटका असेल तर त्यावर दुसरी गादी घाला, कारण पाय अधांतरी लोंबायला हवा. अगदी कडेला बसा, दोन्ही गुडघे छातीशी धरून मागं आडवे व्हा. कंबर कॉटला टेकली पाहिजे. डावा गुडघा छातीशीच धरून ठेवा आणि उजवा पाय सोडून द्या. तो आपल्या वजनानं खाली गेला पाहिजे. मांडी कॉटच्या पातळीला आली आणि गुडघा जवळपास काटकोनात लोंबला तर सगळं ठीक. मांडी वर अधांतरी राहिली तर सोआस आखडलाय. मांडी खाली आली पण गुडघा सरळ होऊ पाहतोय, तर मांडीच्या पुढचा स्नायू आखडलाय. मांडी बाहेरच्या बाजूला पळतेय तर खुब्याच्या बाहेरचा पट्टा घट्ट आहे. उठताना एकदम उठू नका. दोन्ही गुडघे छातीशी घ्या, कुशीवर वळा आणि हाताच्या आधारानं बसा.

नितंबासाठी: उताणे झोपून दोन्ही गुडघे वाकवा, उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेवा. उजवा गुडघा बाहेर किती पडतो ते बघा. एक बाजू दुसरीपेक्षा खूप वर राहत असेल तर त्या बाजूचे नितंबातले खोल स्नायू घट्ट आहेत. मात्र अशा वेळी दुखणं जांघेत येत असेल तर खुब्याचा सांधा तपासून घ्या. तिथं ताण देऊन उपयोग नाही.

पोटरीसाठी भिंत पुरे. अनवाणी उभे राहा, अंगठा भिंतीपासून साधारण दहा सेंटिमीटर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर पोटरी किंवा घोटा आखडलाय. टाचा टेकवून उकिडवं बसता येत नसेल तर बहुधा इथंच अडतं, आणि घोटा वाकेना म्हणून खाली बसताना कंबर गोल होते.

जे सापडलं ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. मागं किती अडलं, कुठला पाय. सहा आठवड्यांनंतर हेच कामाला येतं.

मांडीमागचा ताण: दाराच्या चौकटीत

उभं राहून पायाची बोटं धरायचा व्यायाम, म्हणजे पादहस्तासन, दुखऱ्या कमरेनं सुरुवातीला करू नका. पश्चिमोत्तानासनही नको. ही आसनं वाईट नाहीत. पण हॅमस्ट्रिंग आखडलेले असताना माणूस बोटांपर्यंत पोचतो तो पाठ गोल करून, म्हणजे जिथं आधीच जास्त वाकणं होतंय तिथंच आणखी वाकतो. सूर्यनमस्काराची सवय असेल तर वाकताना गुडघे मोकळे सोडा, भरपूर वाकू द्या.

त्याऐवजी दाराच्या चौकटीशी झोपा. उजवा पाय ताणायचा असेल तर चौकट उजवीकडे राहील असं उताणं व्हा. डावा पाय दारातून पलीकडे सरळ जाईल आणि उजव्या पायाची टाच चौकटीवर टेकेल. ढुंगण जमिनीला टेकलेलं राहिलं पाहिजे. ते उचललं जात असेल तर तुम्ही चौकटीच्या फार जवळ आहात, मागं सरका. गुडघा थोडा वाकलेला असला तरी चालतो. मांडीमागं मध्यावर ओढ जाणवावी. दहापैकी तीन-चार एवढीच, बोलता येईल इतकी. ताण गुडघ्यामागच्या लवणीत बोचत असेल तर गुडघा अजून थोडा वाकवा.

तीस सेकंद थांबा. मग टाचेनं चौकट हलकेच दाबा, पाच-सहा सेकंद, सगळा जोर लावून नाही, पाव जोर. सोडा, श्वास सोडा आणि दोन बोटं पुढं सरका. पुन्हा तीस सेकंद. असं तीन वेळा, मग दुसरा पाय. स्नायू थोडा दाबून सोडला की तो पुढच्या ताणाला कमी विरोध करतो, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. एका दमात मिनिटापेक्षा जास्त धरून ठेवून फारसा जादा फायदा होत नाही. साठीच्या पुढच्यांनी मात्र तीसऐवजी साठ सेकंद धरायला हरकत नाही.

चौकट सोयीची नसेल तर ओढणी किंवा उपरणं तळपायाला अडकवून, उताणं झोपून पाय वर घ्या. खांदे आणि मान सैल ठेवा. बायका ओढणी ओढताना दात आवळून खांदे कानापर्यंत नेतात आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून येतात.

सोआसचा ताण: इथं सगळी गंमत कटीच्या हाडात आहे

घडी घातलेली वाकळ किंवा उशी जमिनीवर ठेवा आणि उजवा गुडघा तिच्यावर टेकवा. डावं पाऊल पुढं, डावा गुडघा काटकोनात. शेजारी खुर्ची ठेवा आणि डावा हात तिच्यावर. उजवा हात कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर ठेवा, पट्टा बांधतो त्याच्या जरा खाली लागतं ते.

आता पुढं झुकायचं नाही. आधी उजवा नितंब घट्ट आवळा आणि माकडहाड दोन पायांमध्ये आत घ्या. हाताखालचं हाड वरच्या बाजूला सरकल्याचं जाणवेल, आणि कमरेचा बाक सपाट होईल. बऱ्याच जणांना एवढ्यातच जांघेच्या पुढं ओढ लागते. लागली तर तिथंच थांबा, तीस सेकंद. लागली नाही तर नितंब आवळलेला ठेवूनच सगळं अंग दोन-तीन बोटं पुढं न्या.

मी हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा का सांगते, तर जवळजवळ प्रत्येक जण पाय लांब टाकून जोरात पुढं झुकतो. दिसायला ताण मोठा दिसतो, पण कटीचं हाड पुढं कललेलं राहतं, कंबर मागं मोडते आणि सोआस तसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी कंबर जास्त दुखते आणि माणूस म्हणतो व्यायाम मानवला नाही. माझ्या दवाखान्यात मी आरशासमोर बाजूनं उभं करून दाखवते. घरी कुणाला तरी मोबाईलवर बाजूनं व्हिडिओ काढायला सांगा. कमरेत खळगा दिसला तर परत सुरुवातीपासून.

गुडघा टेकवता येत नसेल, झीज असेल, तर मघाची कॉटच्या कडेची तपासणी हाच व्यायाम समजा. एक गुडघा छातीशी, दुसरा पाय लोंबता, तसंच एक मिनिट पडून राहा.

मांडीच्या पुढचा स्नायू घट्ट निघाला असेल तर कुशीवर झोपा, खालचा गुडघा थोडा पोटाकडे घ्या, वरच्या पायाच्या घोट्याला ओढणी अडकवून टाच नितंबाकडे आणा. इथंही नितंब आवळणं तेवढंच महत्त्वाचं.

नितंब आणि पोटरी

नितंबासाठी तपासणीचीच स्थिती: उजवा घोटा डाव्या मांडीवर, आणि दोन्ही हातांनी डावी मांडी मागून धरून छातीकडे. डोकं खाली टेकलेलं. तीस सेकंद, दोन-तीन वेळा. पेढीवरच्या मंडळींनी खुर्चीत बसून करावं: घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवायचा आणि पाठ ताठ ठेवून छाती पुढं न्यायची. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय हे करू नये.

पोटरीत दोन थर आहेत, म्हणून ताणही दोन. भिंतीला हात लावून एक पाय मागं, टाच टेकलेली, मागचा गुडघा सरळ ठेवून तीस सेकंद. मग तसंच उभं राहून मागचा गुडघा वाकवा, टाच न उचलता, आणखी तीस सेकंद. दुसरा ताण टाचेच्या जवळ खाली लागतो. हा भाग मागावर उभे राहणाऱ्यांसाठी सोन्याचा आहे, पाळी सुटल्यावर घरी जाण्याआधीच करा.

लाटणं, तेल आणि शेक

मांडीवर आणि पोटरीवर लाटणं फिरवायला हरकत नाही. तिळाचं तेल लावा, खालून वर, मिनिट-दोन मिनिटं. हाडावर, गुडघ्याच्या मागं आणि घोट्यावर नाही. त्यानं स्नायू लांब होत नाही, पण सैल होतो आणि पुढचा ताण सोपा जातो.

ज्यांच्या पायांवर फुगलेल्या, वळ्या-वळ्यांच्या शिरा आहेत, त्यांनी तिथं लाटणं फिरवू नये. बराच वेळ उभं राहणाऱ्यांत अशा शिरा पुष्कळ दिसतात. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दुखतेय, तर मालिश अजिबात नको. आत रक्ताची गाठ असू शकते, लगेच डॉक्टरकडे जा.

गरम पाण्याची पिशवी दहा-पंधरा मिनिटं मांडीमागं ठेवून मग ताण केला तर जास्त सुखाचं जातं. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी शेक टाळावा, भाजलेलं कळत नाही.

ताणाबरोबर ताकद हवीच

नुसतं ताणून सुटलेला स्नायू पुन्हा आखडतो, याचं एक कारण असं की तो दुसऱ्याचं काम करत असतो. नितंबाचे स्नायू ढिले पडले की वाकून उठताना त्यांचं ओझं हॅमस्ट्रिंगवर पडतं. म्हणून प्रत्येक ताणानंतर सेतुबंध: उताणे, गुडघे वाकवून, टाचा नितंबाजवळ, नितंब आवळून कंबर वर. पाच सेकंद धरा, हळूहळू खाली. आठ-दहा वेळा. पोटरीत किंवा मांडीमागं गोळा येत असेल तर टाचा नितंबाच्या आणखी जवळ घ्या आणि नितंबावर लक्ष ठेवा.

आणि वाकायचं पुन्हा शिकायचं. झाडूचा दांडा किंवा काठी पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागं, दुसरा कमरेमागं. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागं, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. गुडघे थोडे मोकळे. आता ढुंगण मागच्या भिंतीला लावायला जातोय असं मागं सरकवा आणि पुढं वाका. तिन्हीपैकी एखादं ठिकाण सुटलं की थांबा. तिथपर्यंतच तुमचे खुबे वाकतात, पुढचं सगळं कंबर वाकत होती. सुरुवातीला हे अंतर फार कमी असतं. ताण नेमानं केला की आठवड्यागणिक वाढतं. बादली, सुताची पोती, बाळ, सिलिंडर, सगळं याच पद्धतीनं उचलायचं.

कधी, किती

सकाळी उठल्या उठल्या जोराचं वाकणं नको. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांतल्या चकत्यांमध्ये पाणी भरलेलं असतं आणि त्या ताठ असतात. पहिला तासभर वाकायची कामंही जपून करा. ताणाला संध्याकाळ उत्तम, अंघोळीनंतर किंवा थोडं चालून आल्यावर.

आठवड्यातून पाच-सहा दिवस, रोज पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी तासभर करून बाकी आठवडा काही नाही, त्याचा उपयोग होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत जो फरक वाटतो तो बराचसा मेंदूनं ताण सहन करायला शिकल्याचा असतो. खरा बदल पुढच्या महिना-दीड महिन्यात दिसतो. म्हणून पंधरा दिवसांत सोडू नका.

मधल्या वेळात: उभं राहून काम असेल तर समोर वीट किंवा छोटा पाट ठेवा आणि आलटून पालटून एक पाय त्यावर. सोआस सैल होतो, कंबरेला उसंत मिळते. बसून काम असेल तर अर्ध्या-पाऊण तासानं उठा, पाणी प्या, दोन्ही नितंब आवळून सरळ उभं राहून चार श्वास घ्या. एसटी आणि ट्रक चालवणाऱ्यांनी थांब्यावर उतरून चाकाला हात लावून पोटरी ताणावी. कमरेचा पट्टा ओझं उचलायच्या वेळेपुरता वापरा, दिवसभर नाही.

व्यायामानंतर मांडी किंवा पोटरी दुसऱ्या दिवशी थोडी आंबली तर चालतं. कंबर जास्त दुखली, किंवा दुखणं कमरेतून खाली पायात उतरत गेलं, तर तो व्यायाम बंद. पायातलं दुखणं वर सरकत कमरेत गोळा होतंय आणि पाय मोकळा होतोय, तर ते चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा.

एखाद्या दिवशी उसण भरलीच तर दोन दिवस ताण थांबवा, पण अंथरूण धरू नका. घरातल्या घरात चाला, उताणं झोपून पाय खुर्चीवर ठेवा. तिसऱ्या दिवसापासून निम्म्या जोरानं परत सुरू.

सहा आठवड्यांनी वही काढा आणि सगळी तपासणी पुन्हा करा. जे मोकळं झालं तिथं ताण आठवड्यातून दोन-तीनदा ठेवा, सेतुबंध आणि काठीचा व्यायाम मात्र रोजचाच. पाय मोकळे झाले पण कंबर तशीच दुखतेय, किंवा सहा आठवडे नेमानं करूनही पाय जिथल्या तिथं अडतोय, तर प्रत्यक्ष हात लावून कंबर, खुबे आणि नसा तपासणाऱ्या माणसाकडे जा, आणि जाताना ती वही बरोबर न्या.